गाद्या भरण्याचा हिवाळा

आमच्या कुंपणाला लागून केरिमकुल आके राहतात. सरोवराच्या या काठाला बापालाही आके म्हणतात आणि वडीलधाऱ्या शेजाऱ्यालाही, त्यामुळे त्यांची मुलगी त्यांना आके म्हणते आणि मीही. उभं आयुष्य त्यांनी ट्रॅक्टर चालवला आणि ट्रॅक्टरवरून उतरले की थेट बागेत. जर्दाळू, सफरचंदं, रास्पबेरीच्या रांगा, बटाटे, लसूण. घरात मात्र पाहुण्यासारखे. त्यांची बायको बातमा म्हणायची, "उंबऱ्याबाहेर तुमचं राज्य, आत माझं. आत आलात की बसा, चहा प्या, कशाला हात लावू नका."

तसंच चालत आलं होतं. थंडीची चाहूल लागली की बटाटे खड्ड्यात जायचे, गाजरं वाळूत, रास्पबेरीच्या काड्या वाकवून मातीखाली. शेवटी झाडांच्या बुंध्यांना चुना लागला की आके हात धुवायचे आणि थेट मार्चपर्यंत आमच्याकडे माझ्या नवऱ्याबरोबर, जुमादिलबरोबर, पत्ते कुटत बसायचे. तिकडे बातमाचा हंगाम सुरू व्हायचा. खिडक्यांच्या फटींवर साबण लावून चिंध्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या, जुने स्वेटर उसवून मोजे विणायचे, दाबलेल्या लोकरीच्या फाटक्या नमद्यातून बुटांचे तळवे कापायचे, गोधड्या शिवायच्या. तिच्या घरातून काही फुकट गेलेलं मी पाहिलं नाही. सफरचंदाची सालंसुद्धा चुलीवर वाळवून चहात पडायची.

जुलैत बातमा गेली. त्या उन्हाळ्यात तिनं घरातल्या झाडून सगळ्या गाद्या उसवल्या होत्या. अधूनमधून ते करावंच लागतं. आतली लोकर दबून दगड होते, मग ती काढायची, धुवायची, वाळवायची, पिंजायची आणि परत भरायची. बातमानं लोकर धुतली, गोठ्याच्या छपरावर वाळत घातली, चहा ओतायला म्हणून खाली बसली आणि बसली ती उठलीच नाही. आम्ही बायकांनी ती लोकर पोत्यांत कोंबून कोठीत ठेवली, धुतलेले अभ्रे घडी घालून पेटीवर रचले. मयताला आलेले पाहुणे आमच्या आणि पलीकडच्यांच्या गाद्यांवर झोपले. मुलगी कानिशाय मॉस्कोहून आली, तिथल्या कारखान्याच्या शिवणखात्यात तिला जेमतेम सुट्टी मिळाली होती, माती देऊन झाल्यावर रडत रडतच परत गेली.

नंतर मी आकेंना म्हणाले होते, "चार बायका जमवते, एका दिवसात गाद्या भरून टाकतो." ते म्हणाले, "राहू दे, बघू पुढं." मग सफरचंदं उतरवायची वेळ आली, माझीही धांदल झाली आणि ते मागं पडलं ते पडलंच.

त्या साली आकेंचं बागकाम संपता संपेना. एकदा खणलेला वाफा त्यांनी परत खणला. पानं गोळा केली, मग कुंपणापलीकडची, रस्त्यावरची पानं गोळा केली. बुंध्यांना चुना लावून झाला तसा कुंपणाच्या खांबांना लावला. आमचा जुमादिल खिडकीतून बघत म्हणाला, "आता गाय राहिली. उद्या गाईच्या पायांना चुना लागतोय बघ."

"गप्प बसा," मी म्हणाले. "घरात जायला नको वाटत असेल त्यांना."

"मग इकडं यावं की. डाव मांडून ठेवलाय मी."

पण ते आलेच नाहीत. जमीन गोठून कुदळ आत जाईनाशी झाली, तेव्हा एके सकाळी आके आमच्या दारात उभे. खांद्यावर लोकरीचं पोतं. टोपीवर बर्फाची भुकटी.

"सोनुन, हे कसं करतात ते दाखव मला," ते म्हणाले.

मी पीठ मळत होते. "दाखवायचं काय त्यात, आके? ठेवा इथं. दुपारी बायकांना बोलावते."

"तू केलंस तर एकदाच होईल. मला येत नाही ते नाहीच येणार." पोतं खाली टेकवून ते उंबऱ्यावरच बसले. "कानिशायचा फोन आला होता. परत येतेय, कायमची. तिथलं सगळं आवरलं म्हणाली. खांदा गेलाय तिचा, आणि नवराही गेला."

"गेला म्हणजे?"

"दुसरीकडं गेला. मेला असता तर बरं झालं असतं, असं तीच म्हणाली." त्यांनी टोपीवरचं बर्फ झटकलं. "येईल, आणि झोपेल कशावर? घरात एक गादी धड नाही."

माझे पिठाचे हात थांबले. "आणि तुम्ही कशावर झोपता?"

"दोन कोट आहेत ना. एक खाली, एक वर."

जुलैपासून तो माणूस कोटावर झोपत होता, आणि मी रोज सकाळी त्याला कुंपणावरून "बरं आहे ना?" विचारत होते. "बरं आहे" म्हणायचा.

त्याच दिवशी आम्ही सुरुवात केली. त्यांच्या घरी बैठकीत बकऱ्याचं मोठं कातडं अंथरलं, त्यावर लोकर पसरली आणि दोघांनी दोन लवचिक छड्या घेऊन ती झोडायला घेतली. हे काम आकेंना लगेच जमलं. झोडत होते नुसते. गाठी सुटल्या, धूळ उडाली, लोकर ढगासारखी फुगून आली.

"जरा दमानं, आके. दरोडेखोराला मारताय का?"

"मऊ व्हायला हवी ना?"

"मऊ झाली. आता पीठ होईल तिचं."

खरी पंचाईत पुढं झाली. अभ्रा उलटा अंथरून त्यावर लोकर सारखी पसरायची, गुंडाळी करून अभ्रा सुलटा करत ती आत घ्यायची आणि मग दाभणानं टाके घालायचे, म्हणजे लोकर एका बाजूला पळत नाही. आकेंची बोटं कुदळीची. सुईत दोरा घालायलाच त्यांना चहाचा एक पेला थंड होईपर्यंत वेळ लागला. अंगुस्तान एकाही बोटात जाईना. पहिला टाका गादीतून आरपार जाऊन त्यांच्याच विजारीत अडकला. उठायला गेले तर गादी बरोबर उठली.

मी इतकी हसले की भिंतीला टेकून बसावं लागलं. बातमा गेल्यापासून त्या घरात हसण्याचा आवाज झाला नव्हता. आके आधी रागानं बघत राहिले, मग त्यांनाही हसू फुटलं.

टाके वाकडे जायचे. सरळ ओळ काढायला गेले की ती ओढ्यासारखी वळणं घेत भलत्याच कोपऱ्यात जायची. दुसऱ्या दिवशी मी गेले तर बघते काय, गादीच्या दोन्ही कडांना खिळे ठोकलेल्या फळ्या आणि त्यांच्यामध्ये ताणून बांधलेल्या दोऱ्या. कांद्याचे वाफे आखायची बागेतली दोरी! तिच्या कडेनं आके टाके घालत होते, गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून.

"हे काय हो?"

"सोनुन, रांग ती रांग. कांद्याची असो नाहीतर दोऱ्याची."

टाके सरळ आले होते.

एका गादीचा अभ्रा जीर्ण झाला होता, धुताना विरलाच. त्याला ठिगळं हवी होती. बातमाच्या मयताला वाटलेल्या कापडाचे तुकडे आम्हा सगळ्या बायकांकडे होते. जुन्या जाणत्या माणसाच्या नावानं मिळालेला तुकडा आपल्या गोधडीत शिवला की आयुष्य वाढतं, असं आमच्यात मानतात. पण तो तुकडा त्या घरात परत नेत नाहीत, म्हणून माझा तुकडा मी देऊ केला नाही. आकेंनीच घर धुंडाळलं. ट्रॅक्टरवर घालायचं जाकीट निघालं, दोन विजारी निघाल्या, एक पडदा आणि पिठाची रिकामी पोती. सगळं धुवून, चौकोन कापून त्यांनी एकाला एक जोडलं. पोत्यावरची छापील अक्षरं नेमकी वर आली. गादीच्या मधोमध, लाल ठळक अक्षरांत: "उत्तम प्रत. कोरड्या जागी ठेवा."

जुमादिल बघायला आला आणि वाचून म्हणाला, "आके, हिच्यावर कोण झोपणार?"

"मी. बाकीच्या धड आहेत त्या कानिशायला."

"मग बरोबर आहे. पण उत्तम प्रत तेवढं खोडा."

"जुमादिल, तुझ्या कोटाचं अस्तर लोंबतंय ते बघ आधी. कोंबडी शेपूट ओढत चालल्यासारखा दिसतोस."

माझ्याकडे बघत नवरा चरफडला. मी तेव्हा मोजे विणत होते, मान वर केली नाही. चार दिवसांनी कोट खुंटीवर दिसेना, तेव्हा कळलं की तो गुपचूप आकेंकडे पोचलाय. अस्तर नीट लागून आलं. फक्त एका खिशाचं तोंडही त्याबरोबर शिवलं गेलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला कानिशाय आली. बसमधून उतरली तेव्हा हातात एकच बॅग. चेहरा असा, की रस्त्यातल्या बायकांनी "आलीस का?" एवढंच विचारलं आणि पुढचे प्रश्न गिळले. मी बोरसोक, मळलेल्या पिठाचे तुकडे, तळून नेले होते, आकेंनी चहा केला होता. कानिशायनं कोट काढला, आत आली आणि भिंतीशी रचलेल्या गाद्यांपुढं उभी राहिली.

"या कुणी भरल्या?"

"तुझ्या बापानं," मी म्हणाले.

"थट्टा करू नका, सोनुन एजे." थोरल्या बाईला आमच्यात एजे म्हणतात.

"त्याच्या बोटांकडे बघ."

तिनं बापाचा हात हातात घेतला. सगळ्या बोटांच्या टोकांना सुईचे डाग. तिनं गादीवरून हात फिरवला, टाके बघितले, शिवणखात्यात माल तपासतात तसे, अंगठ्यानं दाबून. मग बसली आणि एकदम म्हणाली, "आके, एक सांगून ठेवते. मी सुईला हात लावणार नाही. कधीच नाही. तुम्ही मला द्याल, गाव मला देईल, सगळ्यांना वाटेल मॉस्कोहून शिवणारी आली. इतकी वर्षं दिवसभर एकच बाही शिवली मी. बाहीच. पूर्ण सदरा कधी बघितलासुद्धा नाही."

"कोण देतंय तुला सुई?" आके म्हणाले. "माझ्याकडे एकच चांगली आहे. चहा पी."

ती जेवली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. आके शेजारच्या खोलीत पावलं न वाजवता फिरत होते, मी चुलीची राख काढायला लागले तर मलाही हातानं गप्प केलं.

ती म्हणाली होती तसंच झालं. आठवडा उलटला नाही तोच कापडं घेऊन बायका यायला लागल्या. पहिली आली वरच्या आळीतली आसिलकान. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. काखेत पडद्याच्या कापडाचं हे एवढं गाठोडं.

"कानिशाय कुठाय? तिला म्हणावं, कडा तेवढ्या दुमडून दे. तिला काय, डोळे मिटून करेल."

मी आत चहा पीत बसले होते. कानिशाय पलीकडच्या खोलीत होती. दार अर्धवट उघडं. बापाच्या दारात आलेल्या बाईला नाही म्हणणं आमच्यात सोपं नाही, त्यातून लग्नाचं काम.

आके दाराशी गेले आणि गाठोड्याला हात लावून म्हणाले, "दे इकडं."

"तिला द्याल ना?"

"तिला कशाला? या घरात मी शिवतो."

आसिलकान त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "आके, तुम्ही?"

"का? जुमादिलला विचार. त्याच्या कोटाचं अस्तर मीच लावलंय. गाद्या बघायच्यात? ये आत."

"अहो पण... पडदे आहेत हे. लग्नाचे. मुलाकडची माणसं बघणार."

"मग घाई करत नाही मी. सावकाश करतो."

आसिलकाननं गाठोडं घट्ट धरलं. आकेंनी ते हळूच ओढलं, तिनं परत ओढलं, असं दोनदा झालं. बाई अशी कोंडीत सापडली होती की नाही म्हणावं तर म्हाताऱ्याचा अपमान, हो म्हणावं तर पडद्यांचं वाटोळं. शेवटी तिनं गाठोडं सोडलं आणि पुटपुटत गेली.

मग कानिशाय बाहेर आली, डोळे पुसत, आणि हसत होती. हसता हसता खाली बसली, पुन्हा रडली, पुन्हा हसली. "आके, ते रेशीम आहे. सरकतं. तुमच्याच्यानं नाही व्हायचं."

"खिळे ठोकीन," आके म्हणाले.

पडदे त्यांनी केले. पंधरा दिवस लागले. कानिशायनं सुईला हात लावला नाही, पण तिसऱ्या दिवशी तिला बघवेना, तेव्हा खाटेवर बसून तोंडानं सांगायला लागली. "कापड ओलं करून इस्त्री फिरवा आधी. आता दुमडा. तेवढं नाही, अर्धं. टाचण्या आडव्या लावा, आके, उभ्या नाही." बाप ऐकत होता. कड कुठं जाड, कुठं बारीक आली, पण लग्नात मुलाकडच्या माणसांनी पडद्यांकडे बघितलंही नाही, ते मांस खाण्यात गुंग होते. नंतर मात्र गावात सगळीकडे झालं, की केरिमकुलकडे शिवण टाकायची तर भरपूर आधी टाका आणि सरकतं कापड नेऊ नका. कानिशायला विचारायला कुणी गेलं नाही.

ती बाहेरचं बघायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. घरात बसून बसून एक दिवस तिनं बापाचे उंच बूट चढवले आणि गोठ्यापर्यंतचं बर्फ ओढलं. मग गाईचं शेण-वैरण तिच्याकडे गेलं, मग खड्ड्यातले बटाटे वरखाली करून सडके निवडणं. जड फावडं उचलायचं तर खांदा दुखायचा, म्हणून ती थोडंथोडं करायची. पण गालांवर रंग आला. एकदा मी कुंपणावरून विचारलं, "दुखत नाही का गं?"

"दुखतं. पण हे दुखणं वेगळं आहे, एजे. वर बघितलं की डोंगर दिसतात. तिथं वर बघितलं की ट्यूबलाइट."

घरात आके चुलीजवळ बसून शिवायचे. खिडक्यांच्या पट्ट्या लावल्या, पण साबण कमी पडल्यामुळे दोनदा निघाल्या. चिंध्यांच्या वेण्या घालून पायपुसणं केलं, ते गोल व्हायच्या ऐवजी टोपीसारखं फुगलं. आता त्यात मांजर झोपतं. बातमाचं नाव ते क्वचितच काढायचे. एकदाच मला म्हणाले, "हे सगळं ती रोज करत होती, आणि मी तुमच्याकडे पत्ते खेळत होतो. मला वाटायचं, हिवाळ्यात काही काम नसतं."

"तिला तुम्ही घरात नकोच होता," मी म्हणाले. "मध्ये मध्ये आला असता."

"ते खरंच," ते म्हणाले, आणि दोरा दातानं तोडला.

मार्चमध्ये बर्फ मऊ झालं. दरवर्षी पहिल्या उन्हाला आके झाडाला शिडी लावायचे. या वर्षी ते ओसरीवर ऊन खात बसले होते, मांडीवर कुणाचीतरी उशी, आणि शिडीवर कानिशाय. हातात छाटणीची कात्री.

"ती नको!" आके ओरडले. "ती फांदी राहू दे!"

"का?"

"आहे ती बरी आहे."

"आके, ही खालच्या तिन्ही फांद्यांचं ऊन खाते. किती वर्षं ठेवलीत?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे ती."

"मग पुरे झालं तिला," कानिशाय म्हणाली आणि कापली. फांदी चिखलात पडली. आके उशी बाजूला ठेवून उठले, फांदीपाशी गेले, हाताळून बघितली, आतून पोकळ झाली होती. तिचे तुकडे करून त्यांनी सरपणात टाकले आणि परत उशी घेऊन बसले.

मी विचारलं, "मॉस्कोहून बोलावतात का गं अजून?"

"बोलावतात. वसंतात फार माल असतो. मी नाही म्हणून कळवलं."

तेवढ्यात पाटकरी आला. पाट साफ करून झाले होते आणि पाण्याच्या पाळ्या लावत तो घरोघर फिरत होता. फाटकातूनच त्यानं हाक दिली, "आके, पहिलं पाणी तुमचं गुरुवारी पहाटे. येताय ना दारं धरायला? नेहमीसारखं तुमचंच नाव घालतो."

आकेंनी सुई वर धरून डोळे बारीक केले, दोरा ओवला आणि म्हणाले, "माझं नको. कानिशायचं घाल. मला गुरुवारी ही उशी द्यायचीय."

पाटकऱ्यानं शिडीकडे बघितलं. "जमेल का गं तुला? पाणी बर्फाचं असतं."

"बूट आहेत," कानिशाय वरून म्हणाली. "कुठल्या बाजूनं सोडतोस? वरून की रस्त्याकडून?"

"रस्त्याकडून."

"मग लसणाचा वाफा आधी भिजेल. मला जर्दाळू आधी हवेत. वरून सोड."

पाटकरी आकेंकडे बघायला लागला. आके मान खाली घालून टाका घालत होते. त्यानं कानामागं खोचलेली पेन्सिल काढली आणि म्हणाला, "बरं. वरून सोडतो."